हिंग गुलाबी होईपर्यंत

मला हिंग बांधता येतो. दुसरं विशेष काही येत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, ती पुरली. पोथी वाचायला आणि पुड्यांवर नाव लिहायला तेवढी बस होते.

या अंकात मी लिहावं हे सुभेदार मोऱ्यांचं खूळ. मोरे आमच्या माधवगंजातच राहतात. फौजेतून निवृत्त झाल्यापासून ते मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी परराष्ट्र राजकारणावर लेख लिहितात, नकाशासकट. यंदा दारात उभे राहून म्हणाले, "काकू, बाहेरची मोठी राष्ट्रं दुसऱ्याच्या मुलखात शिरली की तिथल्या शांततेचं काय होतं, असा विषय ठेवलाय. तुम्हीही लिहा."

मी म्हटलं, "मी नकाशात ग्वाल्हेर शोधायला बसले तर तुळशीचं लग्न उरकेल."

"नकाशा माझ्याकडे आहे. तुम्ही हिंगाचं लिहा."

म्हणून हिंगाचं लिहिते. बाकीचं मोऱ्यांच्या लेखात बघा.

हिंग आपल्याकडे पिकत नाही. आता कुठं कुठं लावून बघतात म्हणे, पण माझ्या हयातीतला सगळा हिंग बाहेरून आला, बहुतेक अफगाणिस्तानातून. ते एका झुडपाच्या मुळाचं दूध असतं. झुडूप दिसायला बडीशेपेसारखं, पण दांडगं, कोरड्या थंड डोंगरावर वाढणारं. वसंतात मुळाभोवतीची माती काढायची, मुळाचं डोकं छाटायचं, दूध येतं, ते सुकलं की खरवडायचं, पुन्हा छाटायचं. असं महिना-दोन महिने. मग मूळ मरतं.

असा कच्चा हिंग आपण खाऊ शकत नाही. तो कोमट पाण्यात भिजवून, बाभळीचा डिंक आणि मैदा घालून मळायचा, सावलीत सुकवायचा, खडे पाडायचे. याला हिंग बांधणं म्हणतात. दर्पण कॉलनीतल्या कुलकर्णीबाईंचा यावर विश्वास नव्हता. त्यांच्या सासऱ्यांचे आजोबा दरबारात कारकून होते, त्यामुळे त्यांना सगळं अस्सल लागतं. "मला पिठाचा नको, शुद्ध द्या," म्हणून हटून बसल्या. दिला. त्यांनी हरभऱ्याएवढा खडा आमटीत टाकला. दुसऱ्या दिवशी पातेलंच घेऊन आल्या. "अहो, हे घासून जात नाही!" मी म्हटलं, "शुद्ध आहे ना, जाईल कसं?" तेव्हापासून पिठाचा नेतात.

हे काम मला सासूनं शिकवलं. आमचे पूर्वज दक्षिणेतून इथं शिपाईगिरी करत आले. तलवारी गेल्या, पेन्शनी गेल्या, पण साताऱ्याकडची खाण्याची खोड राहिली, आणि त्या खाण्याला चांगला हिंग लागतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांना हिंग पुरवायचा हा सासूचा धंदा. माझा नवरा मिलमध्ये होता. मिल बंद पडली तेव्हा घर हिंगावरच चाललं. नवऱ्यानं हाताला वास येतो म्हणून त्यानंतर कधी नाक मुरडलं नाही.

सासूचा नियम एकच. कच्चा हिंग आला की गोळा मधोमध कापायचा. आतून खव्यासारखा पांढरा निघाला पाहिजे. मग तो पाटावर उघडा ठेवून आपण दुसऱ्या कामाला लागायचं. तासाभरात कापलेली बाजू गुलाबी झाली तर माल घ्यायचा. पांढरटच राहिली, राखाडी झाली, तर परत.

"आणि आणणारा ओळखीचा असेल तर?" मी नवी असताना विचारलं होतं.

"तर पाणी दे, चहा दे. माल घेऊ नको."

मला वाटायचं ही चवीची परीक्षा. सासूलाही तेवढंच ठाऊक असणार. तिनं तो डोंगर कुठं पाहिला होता?

आणणारा माणूस म्हणजे नियाज खान. आम्ही नुसतं खान म्हणतो. पहिल्यांदा चुलत्याबरोबर आला तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं. मग दर हिवाळ्यात एकटा यायचा. बकरीच्या शिवलेल्या कातड्यातून माल आणायचा, दिल्लीत मोठ्या व्यापाऱ्यांना द्यायचा, आणि उरलेला घेऊन आग्रा करत ग्वाल्हेरला. मी त्याची सगळ्यात लहान गिऱ्हाईक. पण माझ्या घरी मेतकूट-भात मिळायचा आणि तो त्याला फार आवडायचा, म्हणून वाकडी वाट करायचा. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं. इथं मराठीतच लिहिते, नाहीतर अर्धा अंक हिंदीत जाईल. तशी आमच्या घरात तीच गत आहे.

त्याच्या घराण्याचा एक डोंगर होता. म्हणजे मालकीचा नव्हे, पण त्याच्यावर हिंग काढायचा हक्क त्यांचा. त्यानं एकदा माझ्या पिठाच्या परातीत बोटानं रेघा ओढून दाखवलं. डोंगराच्या पाच पट्ट्या. मूळ तयार व्हायला पाच वर्षं लागतात, म्हणून दर वर्षी एकच पट्टी कापायची. पहिलीवर कापणी झाली की तिथं बी पडू द्यायचं आणि पुढच्या वर्षी दुसरी. पाचवी संपेपर्यंत पहिली पुन्हा तयार.

"आणि पिकायच्या आधीच दुसरी कापली तर?" मी विचारलं.

"तर दूध येतं, बाई. पण पाणचट. आणि त्याचा हिंग गुलाबी होत नाही."

तेव्हा मला सासूच्या नियमाचा अर्थ कळायला हवा होता. परात उचलून मी पीठ चाळायला घेतलं.

मग रशियाचं सैन्य त्याच्या देशात शिरलं. मोरे सांगतील का शिरलं ते. मला एवढं माहीत, की त्यानंतरच्या एका हिवाळ्यात खान आला तो वाळून आला. सासू वारली होती. मी गोळा कापला, पाटावर ठेवला. आम्ही दोघं बसलो. तास झाला, दोन झाले. त्याचा मेतकूट-भात खाऊन झाला. हिंग होता तसाच पांढरट.

"ही न पिकलेली दुसरी पट्टी," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी आम्ही तिथं असू की नाही, काय माहीत? वरून विमानं येतात. भावाचं घर गेलं."

आता सासूचा नियम पाळायचा होता. पण हा माणूस दहा वर्षं दारात येत होता, आणि त्याच्या भावाचं घर गेलं होतं. मी म्हटलं, ठेव. माल पाणचट असला तर पीठ कमी घालायचं, वास बरोबर येतो. त्या वर्षी मी तेच केलं आणि कुणालाही कळलं नाही. उलट सराफ्यातल्या एका बाईनं सांगितलं की या वेळचा हिंग झकास. मी मनात म्हटलं, बघा, दयाही केली आणि धंदाही राखला.

ही माझी चूक. मोठी चूक, आणि ती मला तीन हिवाळ्यांनी कळली.

त्या हिवाळ्यात खान रिकाम्या हातानं आला. ओट्यावर बसला. मी विचारलं, "माल?"

"डोंगर संपला, बाई."

मी न पिकलेल्या मुळाचा कच्चा माल ठेवून घेतला ही गोष्ट त्यानं गावात सांगितली होती. गावात वाद चालूच होता. म्हातारे म्हणत, एकच पट्टी कापा. बाकीचे म्हणत, उद्याचा भरवसा नाही, सगळं कापा. म्हाताऱ्यांचं म्हणणं एकाच गोष्टीवर उभं होतं, की कच्चा माल कोण घेणार? त्यावर खानचं उत्तर तयार होतं. ग्वाल्हेरच्या बाईनं घेतला, आणि ती तर कापून तासभर बघणारी. मग काय, पाचही पट्ट्या कापल्या. बी धरायला झुडूप राहिलं नाही.

तो मला दोष देत नव्हता. आज थंडी आहे म्हणावं, तसं सांगत होता. दोष दिला असता तर मी भांडले असते. मला भांडता येतं.

माझ्या एकटीमुळे डोंगर गेला असं मी म्हणत नाही, एवढी मी मोठी नाही. विमानं मी पाठवली नव्हती. पण वाद तराजूत होता आणि मी चुकीच्या पारड्यात बोट ठेवलं, हे खरं.

पुढची कित्येक वर्षं मी दिल्लीच्या दलालाकडून मिळेल तो माल घेतला. कधी इराणचा, कधी कुठला. गुलाबी व्हायचा त्यातला थोडाच. रशियन गेले, मग त्यांचे ते आपसात लढले. खान काही हिवाळे आलाच नाही. मग एकदा अचानक आला, दाढी अर्धी पांढरी, आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "बाई, डोंगराची राखण आता रशियन करतात."

"ते तर गेले म्हणतात."

"ते गेले. सुरुंग पुरून गेले. डोंगरावर कुणी पाय ठेवत नाही. कुठून बी आलं, देव जाणे, पण खालून बघतो ना, झुडपं माणसाएवढी झालीत."

पुढे अमेरिकेचं सैन्य आलं, आणि त्यांच्या मागोमाग कुत्री घेऊन सुरुंग शोधणारी माणसं आली. डोंगर मोकळा झाला. त्या वर्षी खाननं आणलेला हिंग मी कापला तर तासभर थांबावंच लागलं नाही. चहा उकळेपर्यंत गुलाबी. तसला हिंग मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

मोऱ्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे काकू, सुरुंगाचा फायदाच झाला की."

"त्याच्या मेहुण्याचा पाय गेला तिथं. फायदा तुमच्या वरणाला झाला."

मोरे माणूस चांगला आहे. त्यांनी लगेच छटाकभर हिंग जास्त नेला.

अमेरिकन होते ती वीसेक वर्षं पट्ट्यांचं गणित पुन्हा बसलं. खान म्हातारा झाला, यायचा बंद झाला, माल पार्सलनं यायला लागला. माझी नात रेवा दर्पण कॉलनीत राहते. तिनं माझ्या फोनवर त्याचं बोलणं ऐकायची सोय करून दिली. तो बोलून पाठवायचा, मी बोलून पाठवायची. बहुतेक वेळा गुडघ्यांबद्दल.

मग एका वर्षी पार्सल उघडलं आणि चार गोळ्यांतला एक पांढरटच राहिला. मी मोऱ्यांना म्हटलं, "तिकडे लोक घाबरलेत. कुणीतरी गुपचूप दुसऱ्या पट्टीत शिरलंय."

"काहीतरीच काय! अमेरिका एवढा पैसा ओतून बसलीय, अशी सोडून जाईल होय?"

"अमेरिकेचं मला माहीत नाही. पण पाच वर्षं थांबणारा माणूस थांबेनासा झालाय."

काही महिन्यांनी टीव्हीवर अमेरिकेची निघून जाणारी ती विमानं आणि मागून पळणारी माणसं दिसली. मोरे दुसऱ्या दिवशी आले आणि पावसापाण्याचंच बोलत बसले. मीही पावसाचंच बोलले. त्यात मला मजा आली, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात खानचा फोन आला. बोलून पाठवलेलं नव्हे, सरळ फोन. मी पापड लाटत होते, रेवानं फोन कानाला लावून धरला.

"बाई, गावात सगळे जमलेत," तो म्हणाला. "सगळ्या पट्ट्या कापायच्या म्हणतात. एक व्यापारी आलाय, कच्चा-पक्का सगळा उचलतोय. मी थांबवतोय. तुम्ही सांगा, तुम्ही कच्चा घ्याल?"

"नाही."

"बाई, इथं पोरांना खायला नाही."

"पिकलेली पट्टी आण. ती सगळी मी घेते, एक खडा सोडत नाही. दुसरीतला आणलास तर दारात उभं करणार नाही."

"तेव्हा तर घेतला होतात."

"तेव्हा घेतला म्हणून तर आज नाही म्हणते."

पलीकडे बरीच माणसं एकदम बोलत होती. मग फोन बंद झाला.

रेवा माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, किती कठोर आहेस तू! उधर लोग भूखे हैं, आणि तुला गुलाबी रंग हवाय?"

"मला रंग नकोय. त्यांना पुढच्या वर्षी डोंगर हवाय."

"पण ते पुढच्या वर्षीपर्यंत जगले तर ना!"

मी पापड लाटला. तो वेडावाकडा झाला, तो मी तळून खाल्ला.

मी बोलल्याप्रमाणे तयारी केली. अख्खी पट्टी म्हणजे माझ्या गरजेच्या तिप्पट माल. सराफा, माधवगंज, दर्पण कॉलनी, सगळीकडे चपला झिजवून गिऱ्हाइकं ठरवली. कुलकर्णीबाईंनी पाच घरं मिळवून दिली, त्यांचं नाव इथं चांगल्या कामासाठीही यायला हवं. पण माल आला नाही. खानचा फोनही आला नाही. मी बोलून पाठवायची, "खान, गुडघे कसे आहेत?" ते तिकडे पोचतच नव्हतं. रेवा म्हणाली, समोर फोन चालू असता तर निशाणी बदलली असती.

असा एक हिवाळा गेला. दुसरा गेला. तिसऱ्यात माझा हिंग संपला. दलालानं माल दाखवला, मी कापला, तो राखाडी झाला, मी परत केला. दारात आलेल्यांना सांगितलं, हिंग नाही.

"बाजारात तर मिळतो," कुलकर्णीबाई म्हणाल्या.

"मग बाजारातून घ्या."

"तुम्ही ना, एखाद्या दिवशी सगळी गिऱ्हाइकं घालवून बसाल."

"बसेन. मेतकूट विकेन."

मेतकूट विकलं. चाललंही बरं. गच्चीवरच्या हिंग सुकवायच्या खोलीचा वास हळूहळू उडायला लागला, आणि शेजारीण म्हणाली की गल्ली ओळखू येत नाही. मला रोज एकच प्रश्न पडायचा. खान मेला, की माझ्यावर रुसला? रुसला असला तर बरं, असं वाटायचं. रुसलेला माणूस जिवंत असतो.

यंदा तिकडचा माल यायचा ते सीमेवरचं नाकं पुन्हा बंद झालं. मोरे म्हणाले, आता तर विसराच. आणि गणपती उठल्यावर दोन आठवड्यांनी पार्सल आलं. समुद्रावरून फिरून, इतक्या बंदरांचे शिक्के घेऊन आलेलं, की मोरे आधी शिक्केच वाचत बसले. आत पत्र्याचा डबा. डब्यावर माझं नाव हिंदीत, लहान मुलानं लिहावं तसं. ते खानचंच अक्षर. मीच शिकवलं होतं त्याला, परातीतल्या पिठावर.

त्याच संध्याकाळी फोनवर त्याचं बोलणं आलं. नवा नंबर. रेवानं लावलं.

"बाई, दोन पट्ट्या गेल्या. त्या मला राखता आल्या नाहीत. तीन राहिल्या. गावाला सांगितलं, ग्वाल्हेरची म्हातारी मोठी भांडखोर आहे, कापून तासभर डोळे लावून बसते, कच्चा दिसला तर परत फेकते. तो व्यापारी एकदा आला, पुन्हा आला नाही. मग लोक म्हणाले, दर वर्षी घेणारी म्हातारी तरी आहे. राहू दे तीन. तुमच्यासाठी एक पट्टी ठेवली होती, पण पाठवायला रस्ता नव्हता. नंबरही हरवला होता, तो कालच सापडला. आता कापा आणि मला सांगा. मी बसलोय."

रेवा हसली आणि म्हणाली, "आजी, तुला तर तिकडे सब जानते हैं. भांडखोर म्हणून."

"खोटं नाही सांगितलं त्यानं."

मी पाट मांडला. गोळा कापला. आतून पांढरा, घट्ट. मोरे शिक्के सोडून जवळ आले. रेवा फोन घेऊन बसली. कुलकर्णीबाई मेतकूट घ्यायला आल्या होत्या, त्याही चपला काढून बसल्या. मी त्यांना म्हटलं, असं डोळे लावून बसायची गरज नाही, कामाला लागा. कुणी उठलं नाही. मीही उठले नाही.

पाऊण तास झाला असेल. एका कडेला रंग दिसायला लागला. मोरे म्हणाले, "दिव्याचा उजेड असेल." मी दिवा बाजूला केला. रंग तिथंच राहिला आणि मधे सरकला.

मोऱ्यांनी आपल्या लेखात तिथल्या शांततेबद्दल काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. तिथं शांतता आहे असं मीही म्हणणार नाही. खानच्या नाती शाळेत जात नाहीत, जाऊ देत नाहीत, हे त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. पण हे मूळ कुणीतरी पाच वर्षं हात न लावता ठेवलं होतं, एवढं मला पाटावर दिसत होतं.

फोन पुन्हा वाजला. खानच.

"बाई? बोला ना काहीतरी."

"घेतला," मी म्हटलं.